सतराव्या चाचणीची उत्तरसूची

बाजारात त्यांना पासंगसाहेब म्हणत, आणि हे नाव काही प्रेमाने पडलेलं नव्हतं. ते वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. तराजूच्या हलक्या पारड्याच्या पोटाला कोणी मेणाचा गोळा लावतो, कोणी लोखंडाची चकती चिकटवतो, त्याला पासंग म्हणतात. तो नुसत्या बोटांनी चाचपून काढण्यात साहेबांचा हात धरणारा खात्यात दुसरा कोणी नव्हता. पुढे आकडे दाखवणारे काटे आले, पासंग गेला, नाव तेवढं राहिलं.

संशय हा त्यांचा मूळ स्वभाव की सत्तावीस वर्षांच्या नोकरीची सवय, हे घरात कोणाला सांगता आलं नसतं. त्यांची बायको दवाखान्यात परिचारिका होती. ती वॉर्डातल्या मैत्रिणींना सांगायची, "आमच्याकडे ताप आला की आधी थर्मामीटरची चौकशी होते, मग माणसाची." साहेबांना हे ठाऊक होतं, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना कधी कळलं नाही. थर्मामीटर चुकू शकतो.

या दोघांची एकुलती एक मुलगी बारावी झाली आणि जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणून प्रवेश परीक्षेला बसली. हौस आजची नव्हती. दोन सुट्ट्या तिने घरामागच्या जनावरांच्या दवाखान्यात बिथरलेल्या कुत्र्यांचे पाय धरण्यात घालवल्या होत्या. परीक्षा दोनशे गुणांची. तिला पडले एकशे सव्वीस, आणि शेवटचा प्रवेश थांबला एकशे अठ्ठेचाळीसवर. तिने साध्या विज्ञान शाखेत एक जागा धरून ठेवली, कॉलेजने ती वर्षभर राखायचं कबूल केलं, आणि घरात ठरलं की आणखी एकदा परीक्षा द्यायची. एकदाच. बावीस गुण वाढले तर ठीक, नाहीतर ती धरलेली जागा.

"अभ्यास मी करीन," मुलगी म्हणाली. "साहित्य तुम्ही निवडा, बाबा. मला पुस्तकवाले गुंडाळतात."

हे काम साहेबांना इतकं मनापासून आवडलं की त्या दिवशी ते वाढलेल्या भाजीला काहीही न बोलता जेवले.

आधी त्यांनी शिकवणीचे वर्ग पाहिले. दोन मोठे वर्ग समोरासमोर होते आणि दोघांच्या दारावर गुणवंतांच्या फोटोंचे फलक. साहेब रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही फलक तोंडं मोजत वाचत राहिले, आणि जाड चष्म्याची एक मुलगी त्यांना दोन्हीकडे सापडली. ते एका वर्गाच्या व्यवस्थापकाकडे गेले.

"ही मुलगी नेमकी कोणाची?"

"आमचीच, साहेब."

"समोरचेही हेच म्हणतील."

"तिने आमच्याकडे एक सराव परीक्षा दिली होती," व्यवस्थापक म्हणाला.

"एक. बरं. आणि तुमच्याकडे वर्षभर बसून ज्यांना प्रवेश मिळाला नाही, असे किती? त्यांचा फलक कुठे आहे?"

व्यवस्थापकाने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. वर्गाचा विषय तिथेच मिटला.

मग पुस्तकं. पुस्तकांचं दुकान अरुंद आणि खोल होतं. दोन्ही बाजूंनी छतापर्यंत गठ्ठे, मधे एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट. पुस्तकवाला दाराशीच उंच स्टुलावर बसायचा. साहेब पहिल्या शनिवारी आले ते बगलेत एक पिशवी घेऊन. पिशवीत गेल्या तीन वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका आणि परीक्षा मंडळाने स्वतः जाहीर केलेली उत्तरं. दुकानदाराचं वजन तपासायचं तर आधी आपल्या हातात खात्रीचं वजन हवं. तोच नियम त्यांनी इथे लावला.

"या पुस्तकावर लिहिलंय, गेल्या परीक्षेतले ऐंशी टक्के प्रश्न यातलेच."

"हो साहेब. हातोहात जातंय."

"परीक्षा झाली मे महिन्यात. पुस्तक छापलं ऑगस्टमध्ये." साहेबांनी पहिलं पान उघडून तारखेवर बोट ठेवलं. "शंभर टक्के का नाही आले, एवढंच विचारतो."

पुस्तकवाल्याने स्टूल जरा मागे सरकवलं. "तुम्ही पुस्तक घ्यायला आलात की दुकान सील करायला?"

"ते पुस्तकांवर अवलंबून आहे."

दुसऱ्या शनिवारी त्यांनी एका जाडजूड पुस्तकाची नवी सुधारित आवृत्ती आणि जुनी आवृत्ती शेजारी शेजारी मांडली आणि पानागणिक ताडून पाहिली. मुखपृष्ठाचा रंग बदलला होता, धड्यांचा क्रम बदलला होता, आणि जुन्यातली एक चुकलेली आकृती नव्यात मोठी करून छापली होती. "सुधारणा झाली आहे खरी," साहेब म्हणाले. "चूक आता लांबूनही दिसते."

तिसऱ्या शनिवारी पुस्तकवाला त्यांना पाहून स्वतःच खाली उतरला आणि मागच्या गठ्ठ्यातून एक जुनाट दिसणारा संच काढून आणला. तीस सराव चाचण्या, आणि उत्तरसूचीची वेगळी, पिना मारलेली पुस्तिका. वेष्टनावर ना फोटो, ना टक्के.

"हे कोणी घेत नाही," तो म्हणाला. "उत्तर का आलं ते समजावलेलं नाही. नुसतं अक्षर दिलंय, अ, ब, क, ड. पण घेऊन जा एकदाचे."

ज्याची कोणी तारीफ करत नाही, त्यात लबाडी करायला कोण बसणार, असं साहेबांना वाटलं. तरीही त्यांनी दुकानातच गठ्ठ्यावर बसून चाळीस प्रश्न स्वतः सोडवले. पदवीला त्यांचा विषय पदार्थविज्ञान होता. चाळीसच्या चाळीस उत्तरं सूचीशी जुळली. मग त्यांनी तो संच, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून दाखवणारं एक पातळ पुस्तक, आणि बारावीचीच पाठ्यपुस्तकं एवढं साहित्य मंजूर केलं. घरी येऊन संचाच्या पहिल्या पानावर हात सवयीने गेला आणि त्यांनी लिहिलं, "तपासले", खाली सही आणि तारीख. मुलीने ते पाहिलं आणि म्हणाली, "आता चुकायला माझ्याशिवाय कोणी उरलंच नाही."

दर चौथ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर चाचणी. शंभर प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. मुलगी गजर लावून बसायची, उठून स्वतःच सूचीवरून तपासायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात आकडा लिहायची. एकशे बावीस. एकशे तीस. एकशे अठ्ठावीस. बाराव्या चाचणीपर्यंत कसेबसे एकशे छत्तीस झाले. आणि तेराव्या चाचणीला एकशे बावन्न. चौदाव्याला एकशे पन्नास, पंधराव्याला एकशे छप्पन, सोळाव्याला एकशे अठ्ठावन्न.

बायको पेढ्यांच्या गोष्टी करायला लागली. साहेब तक्त्यासमोर उभे.

"काय बघताय?"

"बारा चाचण्या मुंगीच्या पावलांनी, आणि मग एकदम सोळा गुणांची उडी. काटा असा एकाएकी वर जात नाही."

"ती काटा नाही. मुलगी आहे."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

साहेबांनी ताकास तूर लागू दिली नाही. पण डोळ्यांत तेल घालून पाहायला लागले. मुलगी कच्चं काम करायची ते कागद ती टोपलीत टाकत असे. ते त्यांनी काढून सरळ केले. पहिल्या चाचण्यांचे कागद दोन्ही बाजूंनी आकडेमोडीने काळे झालेले होते. तेराव्यापासून पुढचे निम्मे कोरे. कष्ट कमी आणि गुण जास्त. बाजारात असं दिसलं की साहेब दुकानाचं दार आतून लावून घ्यायला सांगत. शिवाय उत्तरसूचीची पुस्तिका मुलीच्याच खणात. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सरळ विचारावं, असं त्यांच्या मनात आलंच नाही असं नाही. पण त्यांच्या धंद्यात कोणी विचारत नाही. विचारलं की समोरचा सावध होतो. संशय आला की साधं गिऱ्हाईक होऊन जायचं, माल घ्यायचा, बाहेर येऊन तोलायचा. शेकडो दुकानदार त्यांनी असेच पकडले होते.

मुलगी दुपारी वाचनालयात गेलेली असताना त्यांनी पुस्तिका उचलली आणि ऑफिसला नेली. सतराव्या चाचणीच्या उत्तरांचं पान पिना उचकटून सोडवलं. त्याची नक्कल काढली, नकलेवर नऊ ठिकाणी पुस्तिकेच्याच दुसऱ्या एका पानाच्या नकलेतून कापलेली अक्षरं चिकटवली, पुन्हा नक्कल काढली, कागदाचा पिवळटपणा जुळेपर्यंत चार कागद वाया घालवले आणि खोटं पान जुन्याच भोकांतून पिना घालून बसवलं. खरी उत्तरं डायरीत उतरवून घेतली आणि खरं पान ऑफिसच्या कपाटात ठेवलं. नऊही प्रश्न त्यांनी स्वतःच्या हक्काच्या विषयातले निवडले होते: तरफ, तराजू, तरंगणारं लाकूड, लिफ्टमध्ये टांगलेला स्प्रिंगचा काटा. मुलगी सूचीतून उतरवत असेल तर नऊ खोटी उत्तरं तिच्या कागदावर बरोब्बर येतील. दुसऱ्या दिवशी पुस्तिका खणात जशी होती तशी होती.

सतराव्या चाचणीत मुलीला पडले एकशे अडतीस.

ती आंघोळीला गेल्यावर साहेबांनी तिचा कागद आपल्या डायरीतल्या खऱ्या उत्तरांशी ताडला. नऊच्या नऊ तिने बरोबर सोडवले होते. खरे गुण एकशे छप्पन. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. पोरीचा माल चोख होता. आज ऑफिसातून खरं पान आणायचं, बसवायचं आणि हसत हसत सांगून टाकायचं, किंवा न सांगायचं, असा विचार करत ते दारात आले तर खात्याची जीप उभी. खडीच्या खाणींवरचे ट्रक तोलायचे काटे तपासायचे होते, पाच दिवसांचा दौरा, हुकूम आदल्याच दिवशी निघालेला.

दौऱ्यावरून फोन करता आला असता. दोनदा त्यांनी हातात घेतलाही. पण फोनवर सांगायचं तरी काय? आणि पाच दिवसांत असं कोणतं आभाळ कोसळणार होतं?

ते बुधवारी दुपारी परतले, वाटेत ऑफिसातून खरं पान खिशात घालून. घरात पंखा चालू, आणि बायको ड्यूटीला न जाता स्वयंपाकघरात बसलेली.

"शुक्रवारी अर्जाची शेवटची तारीख आहे ना?" ती म्हणाली. "ती भरणार नाही म्हणते."

"का?"

"त्या चाचणीने खचली. म्हणते, माझा जो भाग पक्का होता तोच कच्चा निघाला. पाच दिवस त्या नऊ प्रश्नांना धरून बसली आहे. दुसऱ्या पुस्तकाला हात नाही. तुम्हीच जा आत. मला म्हणते, आई, तुला यातलं कळत नाही, आणि ते खरंच आहे."

मुलगी जमिनीवर बसली होती. भोवती पाठ्यपुस्तकं उघडी, पुढे एक नवी वही. तिने वर न पाहता विचारलं, "बाबा, लिफ्ट खाली जायला लागली की स्प्रिंगच्या काट्यावर वजन जास्त दिसतं ना?"

"कमी दिसतं."

"पाठ्यपुस्तकात कमीच आहे. पण सूचीत जास्त आहे. मी शेवटी असं लिहून काढलं की स्प्रिंग मागे राहते आणि लिफ्ट तिला ओढते, म्हणून जास्त." तिने वहीचं पान पुढे केलं. तसे नऊ नियम होते, एकेकाखाली आकृती, आणि एकूण एक चूक. "सूचीची उत्तरं यावीत असे नियम बसवले, तर मागचं सगळं कोसळतं. मागचं धरलं तर सूची चुकते. माझ्या डोक्यात काहीतरी मुळातच उलटं आहे, बाबा."

"सूचीच चुकली असेल असं नाही वाटलं?"

"दुसऱ्या कोणी आणलेलं पुस्तक असतं तर पहिल्या मिनिटाला तेच म्हटलं असतं." तिने संचाचं पहिलं पान उलटून त्यांच्या सहीवर बोट टेकलं. "हे तुम्ही तपासलंय. तीन शनिवार. तुम्ही दुधवाल्याचं माप सोडत नाही, याच्यातली नऊ उत्तरं सोडाल?"

साहेबांनी आजवर माणसांना कबुली देताना खूप पाहिलं होतं. कोणी चिडायचं, कोणी पाया पडायचं, कोणी कामगारावर ढकलायचं. त्यांनी खिशातून घडी केलेलं पान काढलं आणि वहीवर ठेवलं.

"सतराव्याचं खरं पान हे आहे. सूचीतलं मी बदललं."

मुलीने पान उलगडलं. एकेक उत्तर पाहत खालपर्यंत गेली. मग खणातून पुस्तिका काढून खोटं पान बोटांनी चोळून पाहिलं, उजेडाला धरलं.

"म्हणजे मला पकडायला."

"गुण एकदम वाढले होते. कच्चं काम निम्म्यावर आलं होतं. मला वाटलं, सूची बघून..."

"कच्चं काम कमी झालं कारण त्या पातळ पुस्तकातून मी आधी अशक्य पर्याय खोडायला शिकले. चारातले दोन तसेच जातात. मग उरतं किती?" तिचा आवाज चढला नाही, हेच साहेबांना जड गेलं. "विचारलं असतं तर दोन मिनिटांत दाखवलं असतं. तुम्ही टोपलीतले कागद काढून बघितलेत, आणि मला नाही विचारलंत."

"चुकलं माझं."

"किती पानं बदललीत?"

"एकच."

"हे मी कसं मानायचं?"

दारात उभी असलेली बायको म्हणाली, "बरोबर विचारते आहे." तिच्या जागी साहेब असते तर त्यांनीही मानलं नसतं.

मुलीने वहीची ती नऊ पानं फाडली, पण टाकली नाहीत, त्यांच्या हातात दिली. म्हणाली, "याच संचाची दुसरी पुस्तिका आणा. न उघडलेली. दुकानातून सरळ घरी."

पुस्तकवाल्याने मागचा गठ्ठा पुन्हा उपसला. "एक नेली होती ना? काय झालं तिला?"

"तिच्यात गडबड निघाली."

"छापखान्याची?"

"नाही," साहेब म्हणाले, आणि पिशवी न उघडता घरी आले.

त्या संध्याकाळी मुलीने दोन्ही पुस्तिका शेजारी मांडल्या आणि पट्टी सरकवत तीन हजार उत्तरं ताडली. साहेब समोर बसून होते. उठून जायची सोय नव्हती. सतरावं पान सोडून सगळं जुळलं. मग ती म्हणाली, "आता दोन्हींत सारखं चुकलेलं शोधते," आणि झाल्या सोळा चाचण्यांतले तिचे चुकलेले प्रश्न पुन्हा काढले. दोन तासांत तिने सूचीतल्या छपाईच्या खऱ्या दोन चुका काढल्या, पाचव्या आणि अकराव्या चाचणीतल्या. दोन्ही वेळा ती बरोबर होती आणि मुकाट्याने स्वतःचं उत्तर खोडून बसली होती.

"हे दोन तुमचे नाहीत, मान्य," ती म्हणाली. "पण तुमच्या सहीखाली होते."

साहेब म्हणाले, "मी चाळीसच तपासले होते."

"तीन हजारांतले." ती पहिल्यांदा जराशी हसली, आणि ते हसू काही मायेचं नव्हतं. "आणि व्यवस्थापकाला विचारत होतात, बाकीचे कुठे आहेत."

शुक्रवारी तिने अर्ज भरला. त्यानंतर चाचण्या चालू राहिल्या, पण रीत बदलली. उत्तर सूचीशी जुळलं नाही की ती आधी पाठ्यपुस्तकाकडे जायची, मग स्वतः पुन्हा मांडायची, आणि पटलं तरच आपलं खोडायची. वेळ दुप्पट लागे. तक्ता भिंतीवरून उतरला. आकडे तिच्या वहीत गेले आणि वही तिच्या उशीखाली. साहेबांनी एकदा जेवताना सहज म्हणून विचारलं, "किती पडले आज?" तर म्हणाली, "पडले." बायकोने आमटीचा डाव जरा जोरात भांड्यात टेकवला, आणि पुढे कोणी काही विचारलं नाही. घरात माणसं तीनच, पण जपून चालावं लागे.

परीक्षा झाली. निकाल लागला त्या सकाळी मुलीने तो आपल्या खोलीत एकटीने पाहिला, बाहेर येऊन आधी आईला मिठी मारली, आणि मग छापून काढलेला कागद साहेबांसमोर टेबलावर ठेवला. एकशे अठ्ठावन्न.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "छान," ते म्हणाले. "फार छान झालं."

"मंडळाच्या साइटवर मूळ आहे. ताडून बघायचं असेल तर बघा."

"नको. गरज नाही."

"बघा, बाबा. मी काही म्हणणार नाही."

"नको म्हटलं ना."

ऑफिसात त्यांनी अकरापर्यंत तीन फायली उरकल्या. मग शिक्के मारून झाले. मग संगणक उघडला, मुलीचा बैठक क्रमांक पाठच होता, तो घातला, आणि पडद्यावर आकडा आला. नाव, जन्मतारीख, एकशे अठ्ठावन्न. त्यांनी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने विचारलं, "काय साहेब, कोणाचा काटा बंद केलात?" तर त्यांनी पडदाच बंद केला.

संध्याकाळी घरी बूट काढताना बायकोने आतूनच विचारलं, "पाहिलंत?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "पाहिलं."

"मग?"

"बरोबर आहे."

"किती वाजता पाहिलंत ते सांगा."

"साडेअकराला."

आतून मुलीचा हसण्याचा आवाज आला. बायको पदर खोचत बाहेर आली आणि म्हणाली, "मी म्हटलं होतं, संध्याकाळपर्यंत तरी तग धराल. ती म्हणाली, दुपारच्या आत. आठवडाभर भांडी आता माझ्याकडे."

साहेबांनी बूट जोडीने भिंतीला लावून ठेवले, बाह्या सरसावल्या आणि भांडी घासायला मोरीकडे गेले.